ही यंत्रांची नव्हे, चौघांनी वाजवलेली गाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाकडून आपोआप तयार होणाऱ्या गाण्यांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यातली काळजी खरी आहे आणि वादकांच्या पोटापाण्याविषयी लेखकाने जे लिहिलं आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण मध्येच एका परिच्छेदात त्यांनी या सगळ्याचं मूळ थेट १९७९ सालच्या ब्रिटनमध्ये नेऊन ठेवलं आहे. माणसाला बाजूला सारून यंत्राकडून गाणी वाजवून घ्यायचा पायंडा तिथल्या सिंथेसायझरवाल्या, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं वापरणाऱ्या, न्यू वेव्ह या रॉक-प्रवाहातल्या मंडळींनी पाडला, असं ते म्हणतात आणि दाखला देतात गॅरी न्यूमन या ब्रिटिश गायकाच्या ‘द प्लेझर प्रिन्सिपल’ या अल्बमचा. ते वाचून राहवलं नाही. दाखल्यासाठी याहून चुकीची तबकडी त्यांना शोधूनही सापडली नसती.

ही एलपी माझ्या संग्रहात आहे. मधली बरीच वर्षं ती कपाटात उभी होती. सीडी आल्या, मग सगळंच फोनवर मिळू लागलं, आणि रेकॉर्डी लावणं मागे पडलं. अलीकडे टर्नटेबलची पिन बदलली आणि त्या निमित्ताने जुन्या एलपी एकेक करून काढल्या. ही हाती आली आणि मग बाकीच्या तशाच राहिल्या. माझी उमेदीची वर्षं ध्वनिमुद्रणाच्या कामात गेली आहेत. काचेच्या अलीकडे बसायचं आणि पलीकडे कोण कसं वाजवतंय ते कान देऊन ऐकायचं, हेच काम. एखादा ठेका माणसाने धरला आहे की घड्याळाने, हे सांगण्याइतपत कान त्या कामाने तयार केले आहेत. म्हणून हे पत्र थोडं लांबलं तरी छापावं, ही विनंती.

आधी हकिकत. न्यूमन मूळचा गिटार वाजवणारा. ट्यूबवे आर्मी नावाच्या त्याच्या बँडला बेगर्स बँक्वेट या छोट्या कंपनीने करारबद्ध केलं ते पंक बँड म्हणून. १९७८ मध्ये ही मंडळी केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत पहिल्या अल्बमसाठी गेली, तेव्हा तिथे कुणीतरी भाड्याने आणलेला एक मिनीमूग सिंथेसायझर परत जायची वाट बघत पडला होता. न्यूमनने सहज एक पट्टी दाबली. आधीच्या वादकाने त्यावर जो आवाज लावून ठेवला होता तो इतका दणकट, खोलवरचा निघाला की न्यूमनची दिशाच बदलली. ही गोष्ट त्याने स्वतः अनेक मुलाखतींमध्ये सांगितली आहे. १९७९ च्या एप्रिलमध्ये ‘रेप्लिकाज’ आला, सप्टेंबरमध्ये ‘द प्लेझर प्रिन्सिपल’. एकाच वर्षात दोन अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. न्यूमनचं वय तेव्हा एकवीस. यांतल्या दुसऱ्यावर बँडचं नाव गेलं आणि त्याचं स्वतःचं आलं, निर्मितीही त्याचीच. आणि त्यातून बेस सोडून बाकी गिटार पूर्णपणे काढून टाकली. त्या काळात रॉकच्या अल्बममध्ये लीड गिटार औषधालाही नसावी, ही धाडसाची गोष्ट होती.

गिटार गेली म्हणजे माणसं गेली असा लेखकाचा समज झालेला दिसतो. कव्हर उलटून पाहिलं असतं तर तो झाला नसता. ड्रम सेड्रिक शार्पलीचे. बेस गिटार पॉल गार्डिनरची. कीबोर्ड आणि व्हायोला ख्रिस पेनचा. न्यूमन स्वतः गातो, कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक तालवाद्यं वाजवतो. शिवाय दोन गाण्यांत अल्ट्राव्हॉक्स या बँडच्या बिली करीचं व्हायोलिन आहे. थोडक्यात, ज्याला यंत्रसंगीताचा आरंभ म्हटलं गेलं त्या तबकडीवर जिवंत ड्रमर आहे, जिवंत बेस आहे आणि घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवलेली तंतुवाद्यं आहेत.

लेखकाला वाटेल, नावं असली म्हणून काय झालं, ऐकू तर यंत्रच येतं. म्हणून ‘फिल्म्स’ या गाण्याकडे वळते. पहिल्या बाजूचं हे चौथं गाणं. सुरुवातीला फक्त ड्रम आणि बेस. सिंथेसायझर यायच्या आधीच्या त्या थोड्या वेळात पिनखालून जे येतं ते मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. शार्पली कमालीचा काटेकोर आहे, पण स्नेअरवरचा, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवरचा, त्याचा प्रत्येक ठोका सारखा नाही. काही ठोके कातड्याच्या बरोबर मधोमध बसतात, काही जरा कडेला, आणि तिथे आवाजाला किंचित धातूची कड येते. हाय-हॅटची, म्हणजे पायाने मिटायच्या झांजांच्या जोडीची, झाकणं बंद होताना कधी घट्ट मिटतात, कधी निसटती राहतात. गार्डिनरचा बेस त्याच्या किंचित मागून चालतो. एवढासा मागे राहिलेला बेस गाण्याला वजन देतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवायला दोन माणसांनी एकमेकांना ऐकावं लागतं. पुढे हिप-हॉपवाल्यांनी हाच तुकडा उचलला, जीझेडए या रॅपरच्या एका गाण्यात तो आहे. उगाच नाही उचलला. ठेका पकडणाऱ्यांना जिवंत ठेका ओळखता येतो.

‘कार्स’ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यात ऐकण्यासारखं काही उरलं नाही असं समजून लोक ते सोडून देतात. त्यात एक खंजिरी आहे. साधी, हाताने वाजवायची, झांजा लावलेली खंजिरी. वरच्या सिंथेसायझरच्या थंड, रुंद पट्ट्याखाली ती सतत खणखणत असते आणि मनगट कधी जोरात तर कधी हलकं पडतं ते एलपीवर स्पष्ट कळतं. फोनच्या स्पीकरवर ती नुसती खसखस होऊन जाते. मूळ चाल न्यूमनला बेस गिटारवर सुचली होती, आणि गाण्याचा कणा आजही तीच बेसची ओळ आहे. मिनीमूग तिला जाडी देतो. गाण्याला म्हणण्यासारखा मुखडाच नाही. जिथे मुखडा यावा तिथे सिंथेसायझरची धून येते, आणि गाणं जेमतेम अर्ध्यावर येतं तोवर गायन संपलेलंही असतं. उरलेला सगळा वेळ वाद्यं. लंडनच्या रहदारीत काही माणसं अंगावर धावून आली तेव्हा दारं आतून लावून घेऊन न्यूमन गाडीत बसून राहिला होता, त्या भीतीतून हे गाणं निघालं. शब्द थांबतात आणि गाडी चालतच राहते. ही रचना कोणत्याही यंत्राने सुचवलेली नाही.

आता सिंथेसायझरविषयी, कारण खरा गैरसमज तिथेच आहे. आज ‘सिंथेसायझर’ म्हटलं की बटण दाबून तयार ताल आणि तयार साथ देणारी पेटी डोळ्यांपुढे येते. मिनीमूग तसा नव्हता. १९७० मध्ये बाजारात आलेलं हे वाद्य एका वेळी एकच स्वर वाजवू शकतं. दोन पट्ट्या दाबल्या तरी आवाज एकाच स्वराचा. म्हणजे दोन सुरांचा मेळ हवा असेल तर एक ओळ वाजवून टेपवर घ्यायची, टेप मागे न्यायची, ती ऐकत दुसरी ओळ वाजवायची. आत आवाज निर्माण करणारे तीन ऑसिलेटर असतात. ते तंतोतंत एका सुरात कधीच राहत नाहीत, वाद्य तापलं की सरकतात. वादकाला मध्येच थांबून ते पुन्हा जुळवावे लागतात. त्या किंचित बेबनावामुळेच मिनीमूगचा आवाज भरदार, हलता लागतो. न्यूमनने तर ही वाद्यं गिटारच्या पेडलमधून नेली, म्हणून त्यांना ती खरखरीत, घासलेली धार आली. अल्बममधला दुसरा सिंथेसायझर, पॉलिमूग, वेगळा. त्याच्या सगळ्या पट्ट्या एकत्र वाजू शकत, आणि अल्बमभर जो उंच, एकसारखा, गायकवृंदासारखा पडदा पसरलेला आहे तो त्याचा. एका वाद्याने दुसऱ्या वाद्याला सूचना द्यायची मिडी ही पद्धत आली १९८३ मध्ये. १९७९ मध्ये या वाद्यांना कुणीतरी वाजवावंच लागे.

भरून ठेवलेली धून आपोआप वाजवणारे सीक्वेन्सर तेव्हाही होते, हे मान्य. आपोआप ठेका देणाऱ्या पेट्याही होत्या. काही जण ते वापरतही होते आणि त्यांनी सुंदर काम केलं आहे. पण न्यूमनच्या या तबकडीचं वैशिष्ट्यच हे आहे की ती यंत्रासारखी वाजते आणि तशी वाजावी म्हणून माणसांनी मेहनत घेतली आहे. ड्रमरने भराव्याच्या जागा सोडून द्यायच्या, बेसने नक्षी करायची नाही, गायकाने आवाजात लाडिकपणा आणायचा नाही. ज्यांनी वादकांबरोबर काम केलं आहे त्यांना ठाऊक असेल, हातचं राखून वाजवायला सांगणं हे सगळ्यात अवघड. चांगल्या वादकाचे हात शिवशिवत असतात.

थंडपणाचा आरोपही जुनाच आहे. ब्रिटनच्या संगीत-साप्ताहिकांनी त्या वेळी न्यूमनवर सडकून टीका केली होती, त्याचा निर्विकार चेहरा, अनुनासिक आवाज, सगळ्यावर. पुढे न्यूमनने आपल्याला अ‍ॅस्पर्जर, म्हणजे स्वमग्नतेचा एक प्रकार, असल्याचं मोकळेपणाने सांगितलं, लोकांच्या नजरेला नजर देणंही आपल्याला जड जायचं असंही सांगितलं. ते कळल्यावर तो निर्विकार चेहरा मला वेगळा दिसू लागला. पण ते बाजूला ठेवलं तरी गाणी स्वतःच बोलतात. ‘मेटल’मध्ये एका यंत्राला माणूस व्हायचं आहे आणि ते त्याला जमत नाही. ‘एम.ई.’मध्ये पृथ्वीवर माणूस उरलेला नाही, शेवटचं एक यंत्र एकटं बसलं आहे आणि त्याची वीज संपत आली आहे. या गाण्याची धून पुढे २००१ मध्ये बेसमेंट जॅक्स या ब्रिटिश जोडीने आपल्या नाचाच्या गाण्यात घेतली, त्यामुळे कित्येकांना ती केवळ नाचापुरती माहीत आहे. मूळ गाणं ऐका. पहिल्या बाजूच्या शेवटी, साडेपाच मिनिटांचं, आणि त्या सगळ्या वेळात त्या यंत्राविषयी इतका कळवळा आहे की ज्याने हे लिहिलं त्याला निर्जीव म्हणवत नाही. ‘कॉम्प्लेक्स’मध्ये सिंथेसायझरच्या लांब स्वरांवर व्हायोलाचा गज फिरतो. गज तारेवर पडताना होणारी बारीक घासही ऐकू येते.

एलपीचं कौतुक मी डोळे झाकून करत नाही. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला पिनखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत बसवावा लागतो, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यांत वरचे सूर थोडे धुरकट होतात. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ‘इंजिनियर्स’ यात सापडतं. त्यातला शिस्तीत चालणारा, पलटणीसारखा स्नेअर माझ्या प्रतीवर किंचित चुरचुरतो. त्या एका गाण्यासाठी मी सीडी लावते, सरळ सांगते. पण दोन्ही बाजू वीस मिनिटांच्या आसपासच आहेत, त्यामुळे खाचा कोंबाव्या लागलेल्या नाहीत आणि बेसला पुरेशी रुंदी मिळाली आहे. नंतर डिजिटल आवृत्त्यांमध्ये सगळं मोठ्या आवाजात देण्याची जी चढाओढ लागली, तीत हळू ठोका आणि जोराचा ठोका यांतलं अंतर मिटत गेलं. नेमकं तेच अंतर म्हणजे शार्पलीचं मनगट. ते मिटलं की मग ड्रमर यंत्रासारखा वाटणारच. लेखकाने हा अल्बम कशावर ऐकला ते लेखात नाही, पण मला शंका येते.

सगळीच गाणी सारख्या तोलाची आहेत असंही नाही. ‘ऑब्झर्व्हर’ची चाल ‘कार्स’च्या इतकी जवळ आहे की दोन्ही एकाच बाजूला ठेवायला नको होती. उलट ‘कॉन्व्हर्सेशन’ साडेसात मिनिटांचं आहे आणि एकही क्षण लांबलेलं वाटत नाही. तोच तुकडा फिरून फिरून येतो, दर वेळी एखादं वाद्य भर घालतं, आणि बिली करीचं व्हायोलिन शिरतं तेव्हा ठेक्यालाच पालवी फुटल्यासारखं होतं. हे गाणं माझ्या लेखी अल्बमचा कळस आहे. त्याच्यावर कुणी लिहीत नाही.

वादकांच्या भीतीची लेखकाने चर्चा केली आहे, त्यात एक भर घालावीशी वाटते. १९८२ मध्ये ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदीची मागणी करणारा ठराव केला होता. त्यावर पुष्कळ हसून झालं आहे. मला हसू येत नाही. स्टुडिओत व्हायोलिनवाल्यांची दहा खुर्च्यांची रांग दोन खुर्च्यांवर येणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलं आहे. पण त्या ठरावाने वाद्यावर बोट ठेवलं, आणि खरा प्रश्न पैसे कोण वाचवतंय आणि कुणाच्या ताटातले, हा होता. आपल्या लेखातही तीच गल्लत झाली आहे.

आणि ज्यांनी खरोखर यंत्राकडून ठेका घेतला त्यांनी तरी काम कमी केलं का? ह्यूमन लीग या ब्रिटिश बँडचा ‘डेअर’ हा अल्बम १९८१ चा. निर्माता मार्टिन रशंट. त्यात लिन एलएम-१ हे ड्रम मशीन आहे, आणि त्या मशीनमध्येही खऱ्या ड्रमवरचे मुद्रित आवाजच भरलेले होते. रोलंडच्या एमसी-८ या सीक्वेन्सरमध्ये धून भरायची तर प्रत्येक स्वर आकड्यांनी टंकावा लागे, कोणता सूर, किती वेळ धरायचा, पुढचा कधी. पुढच्या वर्षी याच गाण्यांची नाचासाठीची आवृत्ती रशंटने केली ती टेपचे तुकडे ब्लेडने कापून आणि जोडून. मी टेप कापलेली आहे. पाव इंच चुकला तर ठोका जातो, आणि चुकलेला तुकडा जमिनीवरच्या ढिगाऱ्यातून शोधून परत लावावा लागतो. या माणसांच्या पंक्तीला ‘एक वाक्य लिहा आणि गाणं घ्या’ या प्रकाराला बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

लेखकाशी माझं भांडण नाही. त्यांचा मूळ मुद्दा, वाजवणाऱ्याचं नाव पुसलं जातंय, हा मला पटतो. म्हणूनच त्यांच्या लेखात चार वादकांची नावं पुसली गेली याचं वाईट वाटलं. पॉल गार्डिनर १९८४ मध्ये गेला, ऐन तरुणपणी. सेड्रिक शार्पली २०१२ मध्ये गेला. त्यांनी काय वाजवलं हे सांगायला आता तबकडीच आहे, आणि ती ऐकल्याशिवाय तिच्यावर लिहिलं जाऊ नये.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, पुरवणीत जुन्या अल्बमांविषयी मजकूर येईल तेव्हा गायकाच्या नावाबरोबर वादकांची नावंही छापावीत. कव्हरच्या मागे ती असतात, चार ओळींपेक्षा जास्त जागा लागत नाही. दोन, या लेखापुरती दुरुस्ती पुढच्या रविवारी द्यावी. मजकूर सोबत देते: ‘द प्लेझर प्रिन्सिपल’, १९७९. गायन, कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तालवाद्यं आणि निर्मिती गॅरी न्यूमन. बेस गिटार पॉल गार्डिनर. कीबोर्ड आणि व्हायोला ख्रिस पेन. ड्रम व तालवाद्यं सेड्रिक शार्पली. ‘ट्रॅक्स’ आणि ‘कॉन्व्हर्सेशन’मध्ये व्हायोलिन बिली करी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक